बूड तेच, खांदा नवा : अमेरिकेतील ‘रानमांजर’ काडतुसांचा इतिहास

शस्त्रांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तोफा आणि किल्ल्यांचे बुरूज उभे राहतात. बार उडाल्यावर जमिनीवर पडणारी पितळेची रिकामी पुंगळी कोणी इतिहासाचे साधन म्हणून जपून ठेवत नाही. तरीही या निबंधात मी आपल्याला त्या पुंगळीकडेच पाहायला सांगणार आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना बंदूक, परवाना आणि शिकारीच्या गोष्टी अगदीच परक्या नाहीत. मात्र या पुंगळीची खरी हकिगत आपल्याकडे घडली नाही. ती अमेरिकेत घडली, आणि राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यात नव्हे, तर शेतकरी, लोहार, वकील आणि शिक्षक यांच्या घरातल्या कामाच्या बाकावर घडली.

या माणसांनी कारखान्यात तयार झालेले काडतूस घेतले, त्याचा आकार बदलला, त्यासाठी रायफलीची नळी आतून नव्याने कोरली आणि आपापल्या गरजेचे काडतूस बनवले. अशा काडतुसाला तिकडे ‘वाइल्डकॅट’ म्हणतात, म्हणजे रानमांजर. नाव समर्पक आहे. कोणत्याही कारखान्याच्या यादीत ते नसते आणि दुकानात विकत मिळत नाही. ज्याने बनवले त्यानेच ते भरायचे, आणि चुकले तर परिणामही त्यानेच भोगायचे.

एका छोट्या हुन्नराचा हा इतिहास मला सांगावासा वाटतो, कारण त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ‘सुधारणा’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण एखादा बदल सुधारणा या नावाला केव्हा पात्र होतो? रानमांजर काडतुसांच्या शंभर वर्षांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला दोन भागांत दिसते. जुन्याला जागा ठेवली पाहिजे, आणि झालेला फायदा मोजून दाखवला पाहिजे. यांतले एक जरी सुटले तरी उरते ती नुसती बढाई, आणि बंदुकीच्या बाबतीत बढाई जीवावर बेतते.

१. पुंगळी पुन्हा भरण्याची सोय

ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि टोपी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असत. सैनिकाला दारू-गोळी कागदात गुंडाळून मिळे. १८५७ साली ज्या एन्फील्ड काडतुसांवरून वणवा पेटला ती अशीच कागदी होती. धातूच्या पुंगळीने हे सारे एकत्र आणले. बुडाशी टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. पुंगळीचे आणखी एक काम असते, ते सहसा लक्षात येत नाही. बार उडताच पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. दाब उतरला की ते किंचित आकसते, म्हणून पुंगळी बाहेर ओढता येते.

१८६० सालच्या हेन्री रायफलीच्या काडतुसात स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेच्या आत पसरलेले असे. एकदा बार उडाला की ती पुंगळी निकामी होई. पुढे १८६६ च्या सुमारास दोन कर्नलांनी मध्यभागी टोपी बसवण्याच्या दोन तऱ्हा काढल्या. इंग्लंडच्या बॉक्सरने टोपीची ऐरण टोपीतच ठेवली आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक पाडले. अमेरिकेच्या बर्डनने ऐरण पुंगळीचाच भाग केली आणि शेजारी बारीक भोके ठेवली. इतिहासाची गंमत अशी की इंग्रज माणसाची तऱ्हा अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन माणसाची युरोपने. त्यामुळे अमेरिकेतल्या शेतकऱ्याला एक गोष्ट फार सोपी झाली. पुंगळीत सळई घालून ठोकली की वापरलेली टोपी खाली पडते आणि नवी बसवता येते. घरी काडतुसे भरण्याची सारी परंपरा या एका मधल्या भोकावर उभी आहे.

काडतुसात सर्वांत महाग भाग पुंगळीचा, आणि तोच पुन्हा पुन्हा वापरता येणारा. दुकान दिवसा-दोन दिवसांच्या वाटेवर असताना ही बचत थोडी नव्हती. १८७० च्या दशकात रानबैलांच्या मागे फिरणारे शिकारी मुक्कामावरच शिसे वितळवून गोळ्या ओतत आणि पुंगळ्या भरत. विंचेस्टर कंपनीने १८७३ सालच्या आपल्या प्रसिद्ध रायफलीसाठी काडतुसे भरण्याची हत्यारे स्वतःच विकायला काढली. १८८४ मध्ये न्यू हेवन येथे जॉन बार्लोने ‘आयडियल’ नावाने सांडशीसारखे हत्यार बाजारात आणले आणि पुढे सोबत माहितीपुस्तकही छापले. कारखान्याने ग्राहकाला आपले गुपित विकले, आणि ग्राहक कारागीर झाला.

२. तरफेची रायफल आणि तिची अडचण

ज्या रायफलीभोवती ही कथा फिरते तिला लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणतात. चापाभोवतीची कडी तरफेसारखी खाली ओढायची आणि परत वर घ्यायची. खाली ओढताना रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर घेताना नवे काडतूस आत जाते. या जातीची सर्वांत खपलेली रायफल म्हणजे विंचेस्टर १८९४. तिचा जनक जॉन मोझेस ब्राउनिंग हा यूटातील ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा मुलगा. पुढे या रायफलीची सत्तर लाखांहून अधिक नगे निघाली.

त्याआधी दहा वर्षे, १८८४ मध्ये, फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली होती. काळ्या दारूपेक्षा तिची ताकद पुष्कळ जास्त. १८९५ मध्ये विंचेस्टरने या नव्या दारूचे काडतूस आपल्या रायफलीसाठी काढले. त्याला ‘थर्टी-थर्टी’ म्हणतात. पहिला तीस म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी तीस भाग नळीचा व्यास, दुसरा तीस म्हणजे तीस ग्रेन दारू. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचे नाव आणि या काडतुसाचे नाव पुढची कित्येक दशके जोडीनेच घेतले गेले.

पण या रायफलीला दोन मर्यादा होत्या. पहिली म्हणजे काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक रांगेने बसत, आणि मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकलेले असे. गोळी टोकदार असेल तर धक्क्याने टोपी फुटण्याची भीती, म्हणून गोळ्या बोथट ठेवाव्या लागत. बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. दुसरी मर्यादा बोल्टची. काडतुसाच्या मागे असलेला लोखंडी बोल्ट या रायफलीत मागच्या बाजूने एका ठोकळ्याने अडवलेला असतो. त्यामुळे फार मोठा दाब ती सोसू शकत नाही. आजच्या अमेरिकन प्रमाणांनुसार थर्टी-थर्टीला दर चौरस इंचास ४२,००० पौंडांची मर्यादा आहे, तर नंतरच्या ‘थ्री-नॉट-एट’ या काडतुसाला ६२,००० ची. हा फरक डोक्यात ठेवा. पुढची सारी धडपड या दोन आकड्यांमधल्या जागेत झाली.

३. जमैकाचा सॅव्हेज आणि बफेलोचा वकील

पहिली अडचण आर्थर सॅव्हेजने सोडवली. तो जन्माने जमैकाचा. त्याच्या १८९५ आणि १८९९ च्या रायफलींत काडतुसे रांगेने न बसता एका फिरत्या चकतीभोवती बसत. टोपीला टोक लागण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून तरफेच्या रायफलीत टोकदार गोळी वापरता येऊ लागली.

या रायफलीला साजेशी काडतुसे चार्ल्स न्यूटनने दिली. हा न्यू यॉर्क राज्यातील बफेलो शहरचा वकील, पण मन सारे वेगवान गोळीत. त्याने विंचेस्टरच्या एका काडतुसाची मान आवळून तीत अगदी बारीक गोळी बसवली. ते ‘ट्वेंटी-टू हाय-पॉवर’ सॅव्हेज कंपनीने १९१२ मध्ये बाजारात आणले. जेमतेम सत्तर ग्रेनची, म्हणजे साडेचार ग्रॅमची ती गोळी. चीनच्या फूच्येन प्रांतातील हॅरी कॉल्डवेल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने तिने वाघ मारले, आणि त्या बातमीने या चिमुकल्या काडतुसाची कीर्ती जगभर झाली. खरे तर वाघासाठी ही गोळी फारच हलकी, आणि पुढे जाणत्यांनी तसे स्पष्ट सांगितलेही. एका निष्णात नेमबाजाच्या यशावरून काडतुसाची योग्यता ठरवणे ही चूक या क्षेत्रात वारंवार झाली आहे.

१९१५ मध्ये न्यूटनचेच दुसरे काडतूस आले, ‘टू-फिफ्टी थ्री-थाउजंड’. नावातला तीन हजार हा गोळीचा वेग, सेकंदाला फुटांत. न्यूटनला शंभर ग्रेनची गोळी हवी होती, पण कंपनीने ८७ ग्रेनची घेतली, कारण हलक्या गोळीनेच तीन हजाराचा आकडा गाठता येत होता. जाहिरातीसाठी आकडा आधी ठरला आणि गोळी त्याला जुळवून घेतली. न्यूटनने स्वतःची कंपनीही काढून पाहिली, ती चालली नाही. मात्र कारखान्याच्या पुंगळीची मान आवळून नवे काडतूस करायचे, हा त्याचा मार्ग पुढच्या सर्व रानमांजरांची पायवाट ठरला.

कारखान्यांनाही या पायवाटेवर ठेच लागली. १९३७ मध्ये विंचेस्टरने तरफेच्या रायफलीसाठी ‘झिपर’ हे बारीक, वेगवान काडतूस काढले. शेतात बिळे पाडणाऱ्या घुशीसारख्या प्राण्यांना दुरून टिपण्यासाठी ते होते. पण रांगेच्या नळीमुळे गोळी बोथट राहिली, आणि रिकामी पुंगळी वरच्या बाजूने बाहेर पडत असल्यामुळे रायफलीच्या मध्यावर दुर्बीण बसवता येईना. लांबचा नेम साधायचे काडतूस, आणि लांबचे दिसायला दुर्बीण नाही! झिपर कारखान्याच्या यादीत फार टिकले नाही. कारागिरांनी मात्र त्याची पुंगळी उचलली, तिचा उतार कमी करून किंवा ती आखूड करून एकबारी रायफलींत घातली, आणि तीच पुंगळी अचूकतेसाठी नावाजली गेली. दोष पुंगळीत नव्हता, तिला दिलेल्या घरात होता.

४. ‘सुधारलेले’ काडतूस म्हणजे काय

मान आवळणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग अधिक नम्र, आणि माझ्या मते अधिक सुंदर आहे. त्यालाच ‘इम्प्रूव्हड’, म्हणजे सुधारलेले काडतूस म्हणतात.

थर्टी-थर्टीची पुंगळी हातात धरून पाहिली तर ती बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते, मग उतरता खांदा, मग मान. सुधारणारा कारागीर रायफलीचे चेंबर असे कोरतो की भिंती जवळजवळ सरळ उभ्या होतील आणि खांदा तिरका न राहता ताठ होईल. बूड मात्र जसेच्या तसे. आता या चेंबरमध्ये दुकानातले साधे काडतूस घातले तर त्याच्या बुडाची कडा आपल्या जागी नेमकी टेकते, म्हणून ते नीट बसते. बार उडतो, पितळ फुगते आणि बाहेर येते ती नव्या आकाराची पुंगळी. सरळ अंगाची, ताठ खांद्याची, पोटात थोडी जास्त जागा असलेली. पहिल्या बाराला वेग थोडा कमी पडतो, एवढीच किंमत.

हे पितळ कसे वागते ते तांबट आळीच्या शेजारी वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. पितळ ठोकले, ताणले की कडक होते. वारंवार ताणले तर तडकते. म्हणून तांबट भांडे मधूनमधून तापवून पुन्हा मऊ करतो. काडतुसे भरणाराही पुंगळीची मान अशीच तापवून मऊ करतो. दोघांचे पितळही फार वेगळे नाही. काडतुसाच्या पितळेत साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असते.

या पद्धतीतली खरी शहाणी गोष्ट बंदुकीबाहेरही लागू पडते. सुधारलेल्या चेंबरमध्ये जुने काडतूस चालते. परगावी गेलेल्या शिकाऱ्याची घरी भरलेली काडतुसे संपली तर कोणत्याही खेडेगावच्या दुकानातून साधी थर्टी-थर्टी आणून त्याचे काम भागते. मान आवळून केलेल्या रानमांजराला ही सोय नाही. तिथे जुन्याकडे परतण्याची वाट बंद झालेली असते.

१९४० मध्ये न्यू यॉर्क राज्यातील लाइल किलबर्नने ‘हॉर्नेट’ या छोट्या काडतुसाला असा ताठ खांदा दिला. पण या पद्धतीशी कायमचे जोडले गेले ते नाव पार्कर ओटो अ‍ॅक्ली यांचे.

५. अ‍ॅक्ली आणि ठोकळा काढलेली रायफल

अ‍ॅक्ली १९०३ साली न्यू यॉर्क राज्यातील ग्रॅनव्हिल येथे जन्मले. सिरॅक्यूज विद्यापीठात ते शेतकी शिकले, बटाट्याची शेती केली, आणि १९३६ मध्ये मंदीच्या काळात ऑरेगॉनमधील रोझबर्ग येथले एक बंदूक-दुरुस्तीचे दुकान विकत घेतले. युद्धकाळात ते ऑग्डेनच्या शस्त्रागारात होते, म्हणजे ब्राउनिंगच्याच गावी. युद्धानंतर कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथील महाविद्यालयात त्यांनी बंदूक-कारागिरी शिकवली, आणि १९५१ नंतर सॉल्ट लेक सिटीत स्थायिक झाले. १९६२ आणि १९६६ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, नेमबाजांसाठी आणि काडतुसे भरणाऱ्यांसाठी. १९८९ मध्ये ते वारले.

अ‍ॅक्लींचे म्हणणे असे होते. निमुळती पुंगळी दाबाखाली मागे निसटू पाहते, आणि तिचा सारा धक्का बोल्टवर येतो. गाजर मुठीत घट्ट दाबले तर ते मागे सटकते, तसेच हे. सरळ अंगाची पुंगळी भिंतीला धरून राहते, म्हणून बोल्टवरचा ताण कमी होतो. तरफेच्या रायफलीची दुसरी मर्यादा, ती मागच्या ठोकळ्याची, इथे थोडी सैल होते असा त्यांचा दावा होता.

हे त्यांनी नुसते सांगितले नाही, करून पाहिले. विंचेस्टर ९४ घेतली, तिचे चेंबर सुधारलेल्या थर्टी-थर्टीचे केले, आणि नळी थोडी थोडी उलटी फिरवून काडतुसाच्या मागे मुद्दाम फट ठेवून बार उडवले. शेवटी बोल्ट अडवणारा तो ठोकळाच काढून टाकला आणि बार उडवला. पुंगळी चेंबरला धरून राहिली.

हा प्रयोग अमेरिकेतल्या कारागिरांत दंतकथेसारखा पसरला. आणि दंतकथेचे जे होते तेच याचे झाले. लोकांनी अर्धा ऐकला. ‘सुधारलेल्या काडतुसाने कमजोर रायफल बळकट होते’, एवढेच काहींनी उचलले आणि दारू वाढवली. प्रयोगाने सिद्ध झाले होते ते इतकेच, की ठराविक दाबापर्यंत, कोरड्या चेंबरमध्ये, कोरडी पुंगळी भिंतीला धरते. चेंबरमध्ये तेलाचा ओलावा असेल तर ती पकड जाते. दाब पितळेच्या सोसण्यापलीकडे गेला तर पुंगळी तुटते, आणि मग भिंत धरून काही उपयोग नाही. प्रयोग बोल्टवरच्या धक्क्याबद्दल होता, नळी किती दाब सोसेल याबद्दल नव्हता. अति तेथे माती ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

अ‍ॅक्लींचा दुसरा प्रयोग मला त्यांच्या वृत्तीसाठी महत्त्वाचा वाटतो. निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली घेऊन त्यांनी दाब वाढवत नेला, त्या फुटेपर्यंत. युद्ध नुकतेच संपलेले, जपानी बनावटीची अमेरिकेत टर उडवली जात होती. पण त्यांच्या प्रयोगांत सर्वांत टिकाऊ निघाली ती जपानची अरिसाका. अ‍ॅक्लींनी ते जसेच्या तसे छापले. लोकमताशी जुळत नाही म्हणून निष्कर्ष झाकून ठेवला नाही.

६. कोंड्याचा मांडा, आणि मापाची शिस्त

रानमांजरांचा हा संसार चालला कशावर? दुसऱ्या महायुद्धात तांबे, शिसे आणि दारू लष्कराकडे गेली, हौशी माणसाला गोळ्या मिळेनात. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टनने एक साचा बनवला. नेमबाजीच्या मैदानावर फेकलेल्या छोट्या काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करायच्या, आणि त्या दाबून त्यांचेच गोळीचे वेष्टन करायचे. त्याच काळात आयडाहोत व्हर्नन स्पीअरनेही हाच उद्योग मांडला. आपल्याकडे याला कोंड्याचा मांडा करणे म्हणतात. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारची उरलेली लष्करी दारू घाऊक विकत घेतली, कुरणात ठेवलेल्या रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली आणि किरकोळ भावाने विकायला काढली. या तिघांच्या घरगुती धंद्यांतून पुढे मोठ्या कंपन्या झाल्या.

साहित्य मिळाले, पण माप नव्हते. गोळीचा वेग मोजण्याचे यंत्र एकोणिसाव्या शतकापासून होते, पण ते शस्त्रागारात आणि कारखान्यात. गावच्या कारागिराकडे ते कुठून असणार? मग वेग अंदाजाने सांगितला जाई. उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रत्येकाचे रानमांजर शेजाऱ्याच्या रानमांजरापेक्षा वेगवान. १९६० च्या दशकापासून हौशी माणसाला परवडणारी वेगमापक यंत्रे मिळू लागली, आणि कित्येक फुगवलेले आकडे एका दुपारी खाली आले. जिथे वेग खरोखर वाढला होता तिथेही पुष्कळदा असे दिसले की तो सुधारलेल्या आकारामुळे नव्हे, तर न मोजलेल्या जास्तीच्या दाबामुळे वाढला होता.

अ‍ॅक्लींच्या ग्रंथाची मोठी किंमत इथे आहे. त्यांनी स्वतःच्या आणि इतरांच्या काडतुसांपुढे शेरे लिहिले, आणि कित्येकांपुढे सरळ लिहिले की मूळ काडतुसापेक्षा यात फारसा लाभ नाही. त्यांनी एका प्रचंड पुंगळीला बारीकशी गोळी बसवून एक काडतूस केले आणि त्याला नकली जर्मन वळणाचे ‘इअरजस्प्लिटन लाउडेनबूमर’, म्हणजे कानठळ्या फोडणारे, असे थट्टेचे नाव दिले. सेकंदाला पाच हजार फूट वेग गाठायचा होता, गाठला सुमारे ४,६०० फूट. जे जमले नाही ते हसत सांगणारा कारागीर विश्वासाला पात्र असतो. त्यांच्या सुधारलेल्या थर्टी-थर्टीचा लाभ म्हणाल तर सेकंदाला शे-दोनशे फूट. म्हणजे हरणाला काही फरक कळणार नाही. पण पुंगळी लांबत नाही, जास्त वेळा भरता येते, आणि जुने काडतूस चालते. खरी सुधारणा बहुधा अशीच माफक असते.

७. रानमांजर माणसाळले

काही रानमांजरे पुढे पाळीव झाली. सॅव्हेजच्या टू-फिफ्टीची मान आवळून १९३० च्या दशकात केलेले ‘ट्वेंटी-टू टू-फिफ्टी’ तीस वर्षे घरगुती राहिले. १९६३ मध्ये ब्राउनिंग कंपनीने त्यासाठी रायफल काढली, तेव्हा कोणताही कारखाना ते काडतूस बनवत नव्हता. १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते आपल्या यादीत घेतले. अ‍ॅक्लींच्या नावाचे ‘टू-एटी अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड’ २००७ मध्ये अमेरिकन प्रमाण-यादीत दाखल झाले, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी.

या वंशावळीची एक शाखा थेट आपल्यापर्यंत येते. सॅव्हेजने १९२० मध्ये आपल्या तरफेच्या रायफलीसाठी ‘थ्री-हंड्रेड’ हे आखूड काडतूस काढले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने आखूड काडतुसाचा शोध सुरू केला तो याच पुंगळीपासून. ती थोडी लांबवली गेली आणि १९५४ मध्ये ७.६२ मिलिमीटर म्हणून नाटोने स्वीकारली. भारतीय सैनिकांनी अनेक दशके खांद्यावर वागवलेली एसएलआर रायफल, आणि पोलिसांच्या हातात दिसणारी इशापूरची बोल्टची रायफल, दोन्ही याच काडतुसाच्या. जंगलातल्या हरणासाठी केलेल्या पुंगळीची नात हिमालयात पोहोचली.

८. आपल्याकडे हे का घडले नाही

सहज मनात येते, की कारागिरांची आपल्याकडे काय वाण होती? तांबट होते, लोहार होते, शिकलगार होते. १८६९ पासून पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना होता. मग आपल्याकडे अशी रानमांजरे का जन्मली नाहीत?

उत्तर कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीय माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद झाले, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच याविरुद्ध ठराव आले, ते केवळ बंदुकीसाठी नव्हते, अविश्वासाच्या अपमानाविरुद्ध होते. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात ‘.४५०’ मापाच्या रायफलींवर बंदी घातली, कारण त्या गोळ्या लष्करी मार्टिनी-हेन्रीला चालतील अशी भीती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगोलग ‘.४६५’, ‘.४७०’ अशी मापे काढली. आपल्या संस्थानांतील शिकारखान्यांत दिसणारी ही विचित्र मापे त्या बंदीची अपत्ये आहेत. आजही परवान्यावर ‘प्रोहिबिटेड बोअर’ हा शब्द त्याच भीतीची आठवण देतो. अमेरिकेत काडतुसाचा आकार कारागिराच्या लेथने ठरवला, आपल्याकडे तो कायद्याच्या कलमाने ठरवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारच थांबली, आणि ते योग्यच झाले. आपल्यासाठी हा विषय आता फक्त इतिहासाचा आहे.

पण इतिहास म्हणून त्याचा धडा शिल्लक राहतो. कारागिराला मोकळीक मिळाली की शंभर रानमांजरे जन्मतात, त्यांतली नव्वद विसरली जातात. जी टिकतात ती सर्वांत वेगवान नसतात. ज्यांनी आपले माप खरे सांगितले आणि जुन्याशी नाते तोडले नाही, ती टिकतात.

वाचकहो, आपली घराणी दोन-अडीच शतकांपूर्वी महाराष्ट्राबाहेर आली आणि नव्या प्रदेशाच्या साच्यात हळूहळू घडत गेली. भाषेचा उतार बदलला, रीतीभातींचा खांदा वेगळा झाला. त्या बदलाचे भले-बुरे मापणे हे दुसऱ्या व्याख्यानाचे काम आहे. अ‍ॅक्लींची कसोटी मात्र त्यालाही लावून पाहावी असे मला वाटते. नवा आकार घेतलेल्या घरात जुने काडतूस अजून नीट बसते का? बसत असेल, तर त्या बदलाला सुधारणा म्हणायला हरकत नाही.